बाटलीवरची ‘प्रतिकारशक्ती’

दसऱ्याच्या सुमारास विदर्भात वरुडकडे मामाच्या संत्र्याच्या बगीच्यात होतो. पाऊस नुकताच सरला होता. एका झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून वीतभर वर उभी चीर पडली होती, आणि चिरेतून मधाच्या रंगाचा डिंक ओघळून तिथंच वाळला होता. मामानं नखानं एक थेंब उचकटला, तो काचमण्यासारखा तळहातावर आला. “जोराचा पाऊस आला का हे धुऊन जाते. माणसाले वाटते, झाड सुधारलं. सुधरत काही नाही.” मग त्यानं चाकूनं साल खरवडली. आत हिरवट पांढरं असायला हवं तिथं तपकिरी, ओलसर पट्टा होता, खाली मातीकडे उतरत गेलेला. त्याच बाजूच्या फांदीची पानं शिरांपाशी पिवळी पडली होती.

हा डिंक्या. फायटोफ्थोरा नावाच्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण बुरशी नसलेल्या जीवाचं हे काम. विदर्भातल्या संत्राउत्पादकाला तो नवा नाही.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला लटकवलेल्या पिशवीत मामानं तालुक्याच्या गावाहून आणलेली बाटली होती. लेबलवर ढाल धरलेलं संत्र्याचं झाड आणि खाली ठळक अक्षरांत, ‘झाडाची नैसर्गिक प्रतिकारशक्ती वाढवते’. मी विचारलं, कोणत्या रोगावर? मामा म्हणाला, “दुकानदार म्हणे, सगळ्याच.”

मला बोलायचं आहे ते या ‘सगळ्याच’बद्दल. बाटलीत काय होतं कुणास ठाऊक. समुद्री शेवाळ असेल, अमिनो आम्लं असतील, नुसतं रंगीत पाणीही असेल. माझा आक्षेप लेबलवरच्या शब्दाला आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे विहिरीतल्या पाण्यासारखी काही गोष्ट आहे, कमी झाली की वरून ओतायची, ही समजूत त्या शब्दानं आपल्या डोक्यात पक्की केली आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या संरक्षक जनुकांबद्दल गेल्या वीसेक वर्षांत जे कळलं, ते या समजुतीच्या अगदी उलट जातं.

डिंकापासूनच सुरुवात करू. तो रोगाचा स्राव नव्हे, झाडाचं उत्तर आहे. सालीत घुसखोर शिरला की तिथल्या पेशी इथिलीनसारखे संदेश सोडतात, खोडाच्या वाढत्या थरात डिंकाच्या पोकळ्या तयार होतात आणि झाड ती वाट बुजवू पाहतं. म्हणजे मामाच्या झाडाची संरक्षण यंत्रणा झोपली नव्हती. ती पूर्ण जागी होती, जमेल ते करत होती, आणि तरीही हरत होती. अशा झाडाला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणं हे बुडणाऱ्याला ‘हात मार’ म्हणण्यापैकी आहे.

झाडाला आपल्यासारख्या रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात. प्रत्येक पेशी आपला दरवाजा आपणच राखते. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर काही प्रथिनं कान लावून बसलेली असतात. जिवाणूच्या शेपटीचा तुकडा, बुरशीच्या भिंतीचा कण असं काही चिकटलं की आत निरोप जातो. पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जळजळीत रसायनं सोडते, भिंतीला कॅलोज नावाच्या लुकणाचा लेप देते, आणि सॅलिसिलिक आम्ल तयार करू लागते. आपल्या ॲस्पिरिनच्या गोळीचं हे भावंड झाडात धोक्याचा निरोप बनतं आणि त्यापाठोपाठ संरक्षक प्रथिनांची जनुकं एकामागून एक सुरू होतात. कुरतडणाऱ्या किडीसाठी जॅस्मोनिक आम्लाची वेगळी वाट आहे, आणि पाण्याची टंचाई आली की ॲबसिसिक आम्लाची तिसरी. गंमत अशी, की या वाटा एकमेकींना अडवतात. एकीवर वाहतूक वाढली की दुसरीचं फाटक बऱ्याचदा खाली येतं. झाडाजवळ साखर मोजकी असते. ती फुलाला द्यायची, मुळाला द्यायची की भिंत लिंपायला, हे झाडाला दर वेळी ठरवावं लागतं. सगळ्या रोगांवर एकदम वाढणारी प्रतिकारशक्ती या हिशेबात बसतच नाही.

आता हिशेब किती चुकू शकतो, ते पाहू. सिट्रस ग्रीनिंग हा संत्रा-मोसंबीचा सगळ्यात वाईट रोग. चिनी भाषेत त्याचं नाव हुआंगलाँगबिंग, पिवळ्या ड्रॅगनचा रोग. तो सिट्रस सायला या कणभर किडीमुळे पसरतो, हे भारतात सिद्ध झालं ते आपल्या पुण्यात. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ साली ते दाखवून दिलं. महाराष्ट्रातल्या किती कृषी पदवीधरांना हे सांगितलं जातं, हा प्रश्न मी इथं सोडून देतो.

फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये आढळली आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथं संत्र्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये निघाल्या जेमतेम १ कोटी ६० लाख. त्यात चक्रीवादळांचाही वाटा आहे, पण कंबरडं मोडलं ते या रोगानं. आणि रोगाचा जिवाणू? तो प्रयोगशाळेत धड वाढवताही येत नाही. तो फक्त झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो, पानात तयार झालेली साखर जिथून मुळांकडे उतरते त्या नळ्यांत.

बरीच वर्षं समज असा होता, की हा जिवाणू झाडाला विष देत असेल किंवा नळ्या तुंबवत असेल. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या नियान वांग यांच्या गटानं वेगळंच मांडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नुकसानाचा मोठा भाग झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणाच करते. जिवाणू नळ्यांत कायम मुक्कामाला असतो, म्हणून धोक्याची घंटाही कायम वाजत राहते. कॅलोजचा लेप थरावर थर चढतो आणि नळ्या झाडच बुजवतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे रसवाहिन्यांच्या पेशी मरतात. पानात साखर साचून तिचं पिठूळ स्टार्च होतं, पान ठिपक्याठिपक्यांनी पिवळं पडतं, आणि खाली मुळं उपाशी राहतात. घरात चोर शिरला म्हणून घरालाच आग लावावी, तसं. या गटानं रोगट झाडांवर काय फवारलं? जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक, आणि ॲन्टिऑक्सिडंट द्रव्यं. घंटेचा आवाज कमी करणारी. त्यानं पेशींचं मरण कमी झालं.

या रोगाचा हाच एकमेव खुलासा आहे, असं मी म्हणत नाही. जिवाणूही काही साधा नाही. सॅलिसिलिक आम्ल मोडून टाकणारं विकर त्याच्याजवळ आहे, आणि झाडाच्या संरक्षक विकरांना जखडणारं एक प्रथिनही तो सोडतो. पण एवढं तरी उघड आहे, की या रोगात सरसकट प्रतिकार वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणंही ठरू शकतं. मग ‘सगळ्याच रोगांवर’ म्हणणारी बाटली नेमकं काय करते? वाढवते की शमवते? कोणत्या ऊतीत? किती दिवस? दुकानदाराला हे माहीत नसणं मी समजू शकतो. बाटली भरणाऱ्याला तरी माहीत असावं.

दुसरं उदाहरण खैऱ्याचं. कागदी लिंबावर भुऱ्या, खरबरीत फोडी दिसतात तो हा रोग. त्याचा जिवाणू पेशीत एक प्रथिन टोचतो. ते थेट झाडाच्या लॉब-१ या जनुकाच्या बटणावर जाऊन बसतं आणि ते जनुक चालू करतं. पेशी फुगतात, साल फाटते, फोड उठते आणि जिवाणूला बाहेर पडायला दार मिळतं. झाडाचंच जनुक, चोराच्या हातात गेलेली किल्ली. २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या गटानं डंकन ग्रेपफ्रूटमध्ये आणि चीनमधल्या गटानं तिथल्या एका संत्र्यात याच जनुकात फेरफार करून खैऱ्याला तोंड देणारी झाडं तयार केली. लक्षात घ्या, त्यांनी झाडात कोणतीही शक्ती वाढवली नाही. एक कुलूप बदललं, इतकंच.

आता आपल्या दारातली गोष्ट. संत्र्याला आपण ताण देतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्याच्या तोंडावर आणि मृगासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलानं लदतं. आपल्या पणजोबांना ठाऊक असलेल्या या युक्तीचं जनुकशास्त्र आता उलगडलं आहे. थंडीनं किंवा पाण्याच्या तुटवड्यानं फुलोऱ्याचं एफटी हे जनुक जागं होतं. पण त्याच आठवड्यांत झाडात ॲबसिसिक आम्लाचं राज्य असतं, आणि ते सॅलिसिलिक आम्लाच्या वाटेला आडवं जातं, असं अनेक वनस्पतींमध्ये दिसलं आहे. ताणावरचं झाड फुलाची तयारी करत असतं तेव्हा रोगासाठी त्याचा हात आखडलेला असतो, असं म्हणायला जागा आहे.

आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो? ताण तोडताना दांडानं आळं भरून पाणी सोडतो. फायटोफ्थोराचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यांना दोन शेपट्या असतात, आणि मुळातून पाझरणाऱ्या रसाचा माग काढत ते मुळाशी येतात. त्यांच्यासाठी वाळलेल्या, कोवळी मुळं मेलेल्या झाडाभोवती तुंबलेलं पाणी म्हणजे आयतं आवतण. काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत तर विचारायलाच नको. मामाच्या बगीच्यातली डिंक्याची झाडं मोजली. सहापैकी पाच खोलगट धुऱ्याकडच्या ओळीत होती. सगळी झाडं एकाच वाणाची, एकाच खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग), जनुकं जवळपास सारखी. फरक होता तो पाणी साचण्याचा. यातून कुठला शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, पण बाटली विकत घेण्याआधी ओळ बघावी, इतकं नक्की निघतं.

लिंबूवर्गीय खुंटांवर स्पेनमधल्या कास्तेयॉनच्या संशोधकांनी उष्णता आणि दुष्काळ एकत्र देऊन प्रयोग केले आहेत. तिथं कॅरिझो हा खुंट क्लिओपात्रा या खुंटापेक्षा तगला. दोघांनाही ताण तोच. कोणत्या झाडात कोणता संदेश किती वाढतो, यावर निकाल ठरला. म्हणजे प्रतिकाराचा बराचसा निर्णय झाड लावण्यापूर्वी, रोपवाटिकेत, खुंट निवडतानाच होऊन गेलेला असतो. आपल्याकडे खुंट बहुतेक जंबेरी लिंबाचा. तो जोमदार वाढतो, आपल्या जमिनीला मानवतो, बी भरपूर देतो, पण फायटोफ्थोरापुढे नांगी टाकतो. रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानानं चिवट. डोळा, म्हणजे कलमाची कळी, जमिनीपासून उंच भरायचा, कलम मातीत गाडायचं नाही, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावायचं, हे सगळं नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था वर्षानुवर्षं सांगते आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. या मलमाच्या डब्यावर ढाल धरलेलं झाड कुणी छापत नाही, कारण तो डबा घरीच तयार होतो.

इथं कुणी म्हणेल, की झाडाला आधीच सावध करणारी द्रव्यं खोटी नाहीत. बरोबर आहे. फ्लोरिडातच लहान झाडांच्या मुळाशी ठरावीक द्रव्यं देऊन खैऱ्या कमी झाल्याचे चांगले प्रयोग आहेत. डिंक्यावर आपण वापरतो ते फोसेटिल एएलसुद्धा फायटोफ्थोराला थेट मारतं आणि शिवाय झाडाची स्वतःची यंत्रणाही चाळवतं. मग माझं म्हणणं कोसळलं का? उलट तेच पक्कं होतं. या दोन्ही ठिकाणी रोगाचं नाव आहे, झाडाचं वय आहे, मात्रा आहे, द्यायची वेळ आहे. आणि जिथं मोघम ‘पोषणानं प्रतिकार’ विकला गेला, तिथं काय झालं तेही फ्लोरिडानं पाहिलं. ग्रीनिंगच्या बागांवर शेतकरी पोषणाचे महागडे फवारे मारत होते. २०१२ मध्ये तिथल्या संशोधकांनी निकाल छापला, की त्यानं जिवाणूही कमी झाला नाही आणि रोगही थांबला नाही.

आपल्याकडे गडबड कायद्याच्या फटीत आहे. रोग मारणारं किंवा रोखणारं औषध असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, त्या रोगावरच्या चाचण्या दाखवाव्या लागतात. जैव-उत्तेजक मात्र २०२१ च्या दुरुस्तीनं खत नियंत्रण आदेशात आले. त्यांची व्याख्या अशी, की ते पोषण, वाढ, उत्पन्न, गुणवत्ता आणि ताण सहन करण्याची क्षमता यांना मदत करतात, आणि कीटकनाशक कायद्यात येणारी द्रव्यं त्यात धरायची नाहीत. आता ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द कुठं बसतो? लेबलवर तो ताण-सहनशीलतेच्या बाजूला उभा राहतो. काउंटरवर तोच रोगाच्या बाजूला सरकतो. लेबल म्हणतं ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’, दुकानदार म्हणतो ‘डिंक्या जातो भाऊ’, आणि दोघांपैकी कुणालाही कायद्यात पकडणं अवघड जातं.

केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की एकेकाळी सुमारे ३०,००० जैव-उत्तेजकं बिनबोभाट विकली जात होती. नियम कडक झाल्यावर ती ८,००० च्या आसपास आणि मग साधारण ६५० वर आली. ही चाळणी लागली, चांगलं झालं. पण उरलेल्यांच्या लेबलांवरचे शब्दही चाळायला हवेत. माझी मागणी साधी आहे. झाडाच्या बाबतीत ‘प्रतिकारशक्ती’, ‘इम्युनिटी’ किंवा ढालीचं चित्र वापरलं, की तो रोगाचा दावा समजावा. मग कोणतं पीक, कोणता रोग, किती मात्रा, आणि भारतातल्या कोणत्या चाचणीवर, हे त्याच लेबलवर त्याच आकाराच्या मराठी अक्षरांत लिहावं. लिहिता येत नसेल तर शब्द काढावा. उत्पादन बंद करा, असं मी म्हणत नाही. वाढीसाठी विकतात तर वाढीसाठी म्हणून विकावं. छोट्या उत्पादकांना हा खर्च झेपणार नाही, असं उत्तर येईल. रोगाचा दावा न करण्याला मात्र काहीच खर्च नाही.

दुसरी बाजू सरकारच्या पैशाची. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १,७६५ कोटींचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला आणि महाराष्ट्रात संत्र्यासाठी नागपूरला केंद्र ठरलं. माझ्या मते विदर्भातल्या बगीच्यांसाठी ही गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात कामाची घोषणा आहे, आणि तिच्याबद्दल गावात सगळ्यात कमी बोललं जातं. शेंदूरजनाघाटच्या परिसरात रोपवाटिकांची मोठी परंपरा आहे. तिथून कलमं कुठल्या कुठं जातात. पिशवीतल्या मातीत फायटोफ्थोरा असेल तर तो कलमासोबत फुकटात शेतात पोचतो. फळरोपवाटिकांसाठी राज्याचा कायदा १९६९ पासून आहे. पण कलम विकत घेताना मातीची तपासणी झाली का, मातृवृक्ष कोणता, डोळा किती उंचीवर भरला, हे विचारणारा गिऱ्हाईक मी क्वचित पाहिला. भाव विचारतात, तीस रुपये की पस्तीस. पाच रुपये वाचवलेलं कलम सातव्या-आठव्या वर्षी डिंक सोडतं, आणि मग त्यावर हजारांच्या बाटल्या रिकाम्या होतात.

जनुक संपादनाचं, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या जनुकात नेमका फेरफार करण्याचं काय, असं तरुण शेतकरी विचारतात. मार्च २०२२ पासून बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला आपल्याकडे जीएम (जनुक बदललेल्या) पिकांच्या काही कडक नियमांतून सूट आहे, आणि मे २०२५ मध्ये अशा भाताचे दोन वाण जाहीरही झाले. संत्र्यात ते होऊ नये असं काही नाही, व्हायलाच हवं. फक्त भाताचं वर्ष आणि संत्र्याचं वर्ष यांत फार अंतर आहे. बियापासूनच्या संत्र्याला फळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. त्यात नागपुरी संत्र्याच्या बियात आईची हुबेहूब नक्कल असलेले अनेक गर्भ असतात, त्यामुळे नेहमीच्या संकरानं नवं काही काढणं जिकिरीचं. लागवडही कलमांचीच, म्हणून आपला अख्खा पट्टा जनुकांनी जवळपास एकसारखा आहे. रोगाला एका झाडाचं कुलूप उघडता आलं, की हजारो एकरांचं उघडतं. अशा पिकाचं संपादन खाजगी कंपनीच्या तिमाही हिशेबात बसणारं नाही. ते सार्वजनिक संस्थेनंच, पंधरा-वीस वर्षांचा पैसा हाती ठेवून करायचं काम आहे.

आणि कुलपं कुठं शोधायची, तर तीही आपल्याच देशात. लिंबूवर्गीय झाडांचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम-म्यानमार-युन्नानच्या पट्ट्यात असल्याचं २०१८ मध्ये साठ वाणांच्या जनुकसंचाच्या अभ्यासातून मांडलं गेलं. मेघालयात गारो टेकड्यांवर नोकरेक इथं जंगली संत्र्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे. त्या झाडांनी कुठल्याही फवाऱ्याशिवाय कीड, ओल आणि ऊन काढलं आहे. त्यांच्यात काय आहे, याची यादी आपण अजून पूर्ण केलेली नाही.

मामानं त्या दिवशी चिरेवरची मेलेली साल निरोगी सालीपर्यंत खरवडली, तिचे तुकडे गोळा करून बगीच्याबाहेर नेऊन जाळले, आणि खोडाला मलम फासलं. मग खोलगट ओळीच्या टोकाला चर खणायला दोन माणसं लावली. मजुरी बाटलीच्या किमतीइतकीच झाली. बाटली तेव्हाही त्या खिळ्यालाच होती, निम्मी भरलेली. मी निघताना ती माझ्या पिशवीत घातली, कारण दुकानदाराला परत एकदा विचारायचं होतं, नेमकं कोणत्या रोगावर. त्यानं बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं, पुढचं वाचलं आणि म्हणाला, “भाऊ, कंपनीचा माणूस सोमवारी येतो. त्याले विचारा.”